युरिक ॲसिडचा जमाखर्च

मंडळी, आपल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे राहा. नाटक कसं चाललंय यावर दोन वाक्यं होतात आणि गाडी लगेच तब्येतीवर येते. पूर्वी या गप्पांत शुगर आणि कोलेस्टेरॉल हे दोनच मानकरी असायचे. आता त्यांच्या पंक्तीला तिसरा येऊन बसला आहे, युरिक ॲसिड. एक काका सांगतात, "पुण्याला गेलो होतो तेव्हा सगळं चेकअप करून घेतलं. युरिक ॲसिड आठ पॉइंट दोन निघालं." दुसरे म्हणतात, "तुमचं काहीच नाही हो! माझं इथे जी.पी.कडे चारशे अठ्ठ्याऐंशी आलंय." पहिल्यांना हायसं वाटतं आणि दुसऱ्यांच्या हातातला वडा हातातच राहतो.

गंमत म्हणजे दोघांचा आकडा एकच आहे. भारतातल्या लॅब युरिक ॲसिड मिलिग्रॅममध्ये सांगतात, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम ते. इथल्या लॅब ते मायक्रोमोलमध्ये सांगतात, एका लिटरमागे. एकातून दुसऱ्यात जायचं तर साधारण ५९.५ ने गुणायचं किंवा भागायचं. तोंडी हिशोबाला साठ धरा. म्हणजे इथला ३६० हा तिकडचा ६, आणि इथला ३०० हा तिकडचा ५. एवढं लक्षात ठेवलं तरी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी फोनवर होणारे निम्मे गैरसमज टळतील.

पण हे दोन्ही आकडे अर्धीच गोष्ट सांगतात. रक्तात युरिक ॲसिड किती साचलं आहे, एवढंच त्यांतून कळतं. ते का साचलं, हे कळत नाही. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं, एम.एस्सी.साठी या देशात आलो आणि इथलाच झालो. आमच्या धंद्यात टाकीतली पातळी वाढली की पहिला प्रश्न विचारतात तो असा, की नळ जास्त सुटला आहे का निचरा कमी झाला आहे? शरीराच्या बाबतीत हाच प्रश्न विचारण्याची एक साधी, स्वस्त आणि फार हुशार पद्धत आहे. आज तिच्याविषयी लिहायचं आहे. हा प्रश्न न विचारल्यामुळे आपल्या घरांतून बरीच माणसं विनाकारण बोलणी खात असतात, म्हणूनही.

श्रीमंतांचा रोग आणि लंडनचा दोरा

युरिक ॲसिड रक्तात फार दिवस जास्त राहिलं तर त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात आणि एखाद्या रात्री अचानक पायाचा अंगठा पेटतो. हाच गाऊट. ज्यांना झाला आहे त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसत नाही.

आपल्याकडे आयुर्वेदात याच्याशी बराच जुळणारा विकार वातरक्त या नावाने येतो. चरकसंहितेत त्याचं एक नाव आढ्यवात असं आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत, सुखवस्तू. युरोपातही तीच समजूत होती. पोर्ट वाईन प्यावी, मांस खावं आणि मग पाय उशीवर ठेवून कण्हत बसावं, असं लठ्ठ उमरावाचं चित्र लोकांच्या मनात पक्कं होतं. जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने १७९९ साली सुजलेल्या पायात दात रोवून बसलेला छोटा राक्षस काढला होता. तो आजही डॉक्टरांच्या पुस्तकांत छापला जातो. तेव्हा "खाल्लं असेल, प्यायलं असेल, म्हणून झालं" हा शेरा आपल्या मावशींनी शोधून काढलेला नाही. त्याला दोन्हीकडची जुनी परंपरा आहे.

या समजुतीला पहिला शास्त्रीय धक्का इथेच, लंडनमध्ये बसला. आल्फ्रेड गॅरड या डॉक्टरने १८४८ साली गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त असतं हे दाखवलं. पुढे १८५४ मध्ये त्याने एक चाचणी सांगितली, ती ऐकली की आजही गंमत वाटते. रक्तातलं थोडं पाणी, म्हणजे सीरम, पसरट काचेच्या बशीत घ्यायचं, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं आणि एक इंचभर तागाचा दोरा सोडून द्यायचा. एक-दोन दिवसांनी बघायचं. युरिक ॲसिड जास्त असेल तर दोऱ्यावर स्फटिक जमतात, आपण लहानपणी दोऱ्यावर खडीसाखर जमवायचो तसे. रक्ताची रासायनिक तपासणी करून रोगाचं निदान करायची ही अगदी पहिल्यांपैकी एक पद्धत.

१८५९ च्या आपल्या ग्रंथात गॅरडने आणखी एक गोष्ट मांडली. रक्तात युरिक ॲसिड वाढण्यामागे मूत्रपिंडांची ते बाहेर टाकण्याची ताकद कमी होणं हे मोठं कारण असावं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे निचऱ्याचा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. त्याच गॅरडचा मुलगा आर्चिबाल्ड याने पुढे काही विकार जन्मजात रासायनिक दोषांमुळे होतात ही कल्पना मांडली. एकाच घरात बापाने रोगाचं रसायन शोधावं आणि मुलाने रोगाची आनुवंशिकता, हा योगायोग या विषयाला फार शोभतो. तो कसा, ते पुढे येईलच.

नऊ ग्रॅम गाळायचे, आठ ग्रॅमहून जास्त परत घ्यायचे

आता जमाखर्च मांडू. आपल्या पेशींत प्युरीन नावाचे पदार्थ असतात. जुन्या पेशी मोडतात तेव्हा आणि आपण अन्न खातो तेव्हा प्युरीनचं शेवटी युरिक ॲसिड होतं. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण ७०० मिलिग्रॅम ते एक ग्रॅम जमा होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक ॲसिड आणखी पुढे मोडणारं एक एन्झाइम असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं, त्यामुळे आपल्याला हा माल तसाच बाहेर पाठवावा लागतो. सुमारे एक तृतीयांश आतड्यावाटे जातो आणि दोन तृतीयांश मूत्रपिंडांवाटे.

मूत्रपिंडांची कामाची पद्धत मोठी विचित्र आहे. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ती रक्तातून गाळतात. रक्तात १०० मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम युरिक ॲसिड असेल तर एका लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे १८० लिटरबरोबर ९ ग्रॅम गाळलं जातं. पण लघवीतून बाहेर पडतं ते जेमतेम ६०० मिलिग्रॅम. उरलेलं सगळं नळ्यांमधून परत रक्तात ओढून घेतलं जातं. कचरा दारापर्यंत न्यायचा आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त पुन्हा घरात आणायचा! आपल्याकडच्या काही आज्या रिकाम्या बरण्या, पिशव्या, सुतळ्या कधीच टाकत नसत, तशातला हा प्रकार.

हे परत ओढण्याचं काम करणारी मुख्य यंत्रणा जपानी संशोधकांनी २००२ साली ओळखली. तिचं नाव युरॅट-वन. आणखी दोन महत्त्वाची नावं त्यानंतरच्या काही वर्षांत पुढे आली. ही यंत्रणा कोणाकडे किती जोरात चालणार, हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरलेलं असतं.

आता इंजिनिअरचं गणित बघा. रोज ६०० मिलिग्रॅम लघवीतून जायलाच हवेत, कारण तेवढे शरीरात जमा होतात. मूत्रपिंडं गाळलेल्यातले ६.७ टक्के बाहेर सोडत असतील तर रक्तात ५ ला हिशोब जुळतो. पण एखाद्याची मूत्रपिंडं ४ टक्केच सोडत असतील तर? तरीही ६०० बाहेर जायलाच हवेत. मग पातळी वाढत जाते, जास्त गाळलं जातं आणि शेवटी ८.३ ला हिशोब पुन्हा जुळतो. उत्पादन तेवढंच, खाणं तेवढंच, लघवीतून जाणारा मालही तेवढाच. फरक फक्त निचऱ्याच्या टक्क्यात, आणि तोही पावणेतीनचा. युरिक ॲसिडचा क्षार रक्तात साधारण ६.८ पर्यंत विरघळून राहतो, त्यापुढे स्फटिक बनण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे हा माणूस रेषेच्या पलीकडे गेला, तोही एक घास जास्त न खाता.

गाऊट असलेल्या दर दहा जणांत सुमारे नऊ जण या निचरा कमी असलेल्या गटात मोडतात.

चोवीस तासांचा डबा आणि चार आकडे

मग हा निचरा मोजायचा कसा? जुनी पद्धत म्हणजे चोवीस तासांची लघवी जमा करायची. सकाळची पहिली सोडून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक डब्यात, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची पहिली त्यात धरून थांबायचं. युरिक ॲसिड थंड किंवा आंबट लघवीत तळाशी बसतं, म्हणून काही लॅब डब्यात आधीच अल्कली घालून देतात. नेहमीच्या जेवणावर दिवसाला ८०० मिलिग्रॅमहून जास्त निघालं तर उत्पादन जास्त आहे असं धरतात. इथल्या भाषेत सुमारे ४.८ मिलिमोल.

कागदावर हे सोपं आहे. पण ईलिंग ब्रॉडवेहून डिस्ट्रिक्ट लाईनने ऑफिसला जाणाऱ्या माणसाने तो भला मोठा डबा घेऊन कसं जायचं? मग कोणी रविवारी करतो, कोणी दुपारची एक खेप विसरतो, आणि आकडा अर्धवट येतो. डब्यातलं क्रिएटिनिन मोजून लॅबला संशय घेता येतो, पण गेलेली खेप परत मिळत नाही.

दुसरी पद्धत मला फार आवडते. तिच्यात एकदाच थोडं रक्त आणि त्याच सुमारास एकदाच थोडी लघवी द्यायची. दोन्हींत युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन मोजायचं. चार आकडे, बस्स.

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचंच उदाहरण घेऊ. वय पन्नाशीच्या आतबाहेर, शाकाहारी, दारूला शिवत नाहीत. तरी वर्षात तीन वेळा गाऊट. रक्तात युरिक ॲसिड ४८८ आणि क्रिएटिनिन ८८, दोन्ही मायक्रोमोलमध्ये. लघवीत युरिक ॲसिड २,४०० आणि क्रिएटिनिन १०,६००, तेही मायक्रोमोलमध्येच.

आता बघा. क्रिएटिनिन हा असा पदार्थ आहे की तो एकदा गाळला गेला की परत आत घेतला जात नाही. त्यांच्या लघवीत तो रक्ताच्या १२० पट आहे. म्हणजे गाळलेलं पाणी आटून आटून १२० पट दाट झालं. युरिक ॲसिडही तसंच सगळं बाहेर सोडलं असतं तर तेही १२० पट दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात ते पाच पटसुद्धा नाही, ४.९ पट आहे. ४.९ ला १२० ने भागा. उत्तर सुमारे ४ टक्के. गाळलेल्या शंभर भागांतले शहाण्णव त्यांच्या मूत्रपिंडांनी परत घेतले.

यात किती लघवी झाली, किती तासांत झाली, हे विचारावंच लागत नाही. पाणी जास्त प्यायलं तर दोन्ही पदार्थ सारखेच पातळ होतात आणि भागाकार तोच राहतो. शिवाय एकक दोन्हीकडे तेच असल्याने छेदून जातं. पुण्याच्या मिलिग्रॅममध्ये करा, ईलिंगच्या मायक्रोमोलमध्ये करा, उत्तर ४ टक्केच. वरच्या दोन काकांचं भांडण इथे आपोआप मिटतं.

साधारणपणे पुरुषांमध्ये हा आकडा सात-आठ टक्क्यांच्या आसपास असतो, बायकांमध्ये थोडा जास्त आणि लहान मुलांमध्ये त्याहून जास्त. साडेपाच-सहाच्या खाली गेला तर निचरा कमी आहे असं समजतात. पाळी सुरू असेपर्यंत बायकांना गाऊट क्वचितच होतो, याचं एक कारण हेच. त्यांच्या हार्मोन्समुळे निचरा बरा चालतो.

अमेरिकेत सिॲटलचे डॉक्टर पीटर सिमकिन यांनी १९७९ मध्ये याच चार आकड्यांपैकी तिघांचं आणखी एक गणित दिलं, गाळलेल्या दर १०० मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम युरिक ॲसिड बाहेर गेलं ते. साधारण माणसात ते ०.४ च्या आसपास येतं. आमच्या गृहस्थांचं आलं ०.३३, म्हणजे अगदी चारचौघांसारखं! मग त्यांना रोग का? कारण वर पाहिलंच. बाहेर जाणारा माल चारचौघांइतकाच आहे, पण तेवढा बाहेर ढकलायला त्यांच्या रक्तातली पातळी ८.२ वर चढावी लागते. दोन्ही आकडे एकत्र ठेवले की चित्र स्वच्छ होतं. उत्पादन जास्त नाही, निचरा कमी आहे.

आकडा कधी फसवतो

कुठलंही मोजमाप करताना ते कुठे चुकू शकतं हे आधी बघावं, ही आमच्या धंद्याची शिस्त. इथेही तशा जागा आहेत.

पहिली, गाऊट भडकलेला असताना मूत्रपिंडं जास्त युरिक ॲसिड बाहेर टाकतात आणि रक्तातला आकडा खाली येतो. त्या वेळी तपासलं तर सगळं नॉर्मल दिसू शकतं. म्हणून दुखणं उतरल्यावर निदान दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं, असं इथल्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

दुसरी, उपास. कडक उपासात शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी द्रव्यं मूत्रपिंडांकडून युरिक ॲसिड अडवून ठेवतात. तेव्हा नवरात्राचे नऊ दिवस निरंकार धरून दसऱ्याच्या सकाळी रक्त द्यायला जाऊ नये. दारूनेही असाच निचरा अडतो.

तिसरी, औषधं. ब्लड प्रेशरसाठी दिली जाणारी पाण्याची गोळी आणि रक्त पातळ राहण्यासाठीची लहान ॲस्पिरिन या दोन्ही निचरा कमी करतात. उलट लोसार्टान ही प्रेशरचीच गोळी निचरा थोडा वाढवते. आमच्या गृहस्थांना पाण्याची गोळी चालू होती. डॉक्टरांनी ती बदलून लोसार्टान दिली. पण हे वाचून कोणी स्वतःच गोळ्या बदलू नका. ॲस्पिरिन हृदयासाठी दिलेली असते, तिचं काम मोठं आहे.

चौथी, मूत्रपिंडं मुळातच थकलेली असतील तर हा टक्का वर सरकतो आणि नॉर्मलसारखा दिसतो.

पाचवी जागा जरा खोल आहे. काही लोकांत आतड्यावाटे जाणारा निचरा जन्मतः कमी असतो. मग तो भार मूत्रपिंडांवर येतो, लघवीत युरिक ॲसिड जास्त दिसतं आणि सगळे म्हणतात की उत्पादन जास्त आहे. प्रत्यक्षात दुसरा पाइप तुंबलेला असतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिलं. तेव्हा लघवीचा आकडा मूत्रपिंडांविषयी सांगतो, सगळ्या शरीराविषयी नाही.

मग हे सगळ्यांनी करावं का?

प्रामाणिक उत्तर आहे, नाही. गाऊटच्या नेहमीच्या रुग्णाला या चाचणीवाचूनही उत्तम उपचार मिळतो. ॲलोप्युरिनॉल हे औषध नळच थोडा बंद करतं, त्यामुळे दोष नळाचा असो वा निचऱ्याचा, पातळी उतरते. ते शोधणाऱ्या गटातल्या गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. इथे ध्येय ठरलेलं आहे. रक्तातला आकडा ३६० च्या खाली, आणि सांध्यांजवळ गाठी आल्या असतील तर ३०० च्या खाली आणायचा.

पण तीन ठिकाणी हा निचऱ्याचा आकडा खरा उपयोगी पडतो. युरोपातल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या २००६ च्या शिफारशीतही हीच माणसं सांगितली होती. पंचविशीच्या आत गाऊट झालेली, घरात तरुणपणी गाऊटचा इतिहास असलेली आणि मुतखडे झालेली.

यातल्या पहिल्या दोघांकडे आपण लक्ष द्यायला हवं. लंडन ब्रिजजवळच्या गायज हॉस्पिटलमध्ये ॲन सिमंड्स आणि स्ट्युअर्ट कॅमेरॉन यांच्या गटाने अनेक वर्षं अशा कुटुंबांचा अभ्यास केला, जिथे तरुण मुलामुलींना गाऊट होतो आणि पुढे हळूहळू मूत्रपिंडं निकामी होतात. अशा घरांत निचऱ्याचा टक्का फार कमी असतो, आणि मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासण्या बिघडायच्या आधीच कमी असतो. २००२ साली यातल्या कित्येक घरांमागचा जनुकीय दोषही सापडला. रोग विरळा आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण विशीतल्या मुलाला, आणि त्याहून जास्त विशीतल्या मुलीला गाऊट झाला तर "युनिव्हर्सिटीत गेल्यावर बिअर वाढली" असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. जी.पी.ला स्पष्ट सांगा, की वय पंचविशीच्या आत आहे, घरात अमक्या अमक्याला किडनीचा त्रास होता, तपासून बघाल का? गावाकडच्या आजोबांना किंवा काकांना कमी वयात किडनीचं दुखणं झालं होतं का, हे विचारायला एक फोन पुरतो. पण इथे वाढलेल्या आपल्या मुलांना हा इतिहास आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

ईलिंगकरांचा आणखी एक धागा

अक्सब्रिज रोडने साउथॉलच्या दिशेला गेलं की ईलिंग हॉस्पिटल लागतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिथे जन्मली. या परिसरातल्या भारतीय वंशाच्या लोकांवर झालेला अभ्यास जगभर सांगितला जातो. १९८८ पासून साउथॉल आणि ब्रेंटमधले हजारो लोक तपासले गेले, आणि १९९१ मध्ये पॉल मॅकीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपल्या लोकांत पोटावरची चरबी जास्त आणि इन्सुलिनला शरीर दाद देत नाही म्हणून रक्तात इन्सुलिनही जास्त. पुढे २००२ पासून ईलिंग हॉस्पिटलच्या जसपाल कूनर आणि जॉन चेंबर्स यांनी लॉलिपॉप नावाचा त्याहून मोठा अभ्यास उभा केला.

याचा युरिक ॲसिडशी संबंध काय? इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंडं युरिक ॲसिड जास्त परत ओढतात. म्हणजे आपल्या पोटाचा घेर हाही निचरा अडवणारा एक बोळा आहे. १९९६ मध्ये पुण्याजवळच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा गाऊट हजारात एखाद्यालाच सापडला. ब्रिटनमध्ये २०१२ साली तो शंभरात सुमारे अडीच होता. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आहेत, एकास एक तुलना नको. पण आपण कुठून कुठे आलो, एवढं त्यातून दिसतं.

डाळीची निर्दोष सुटका

आता आमच्या त्या गृहस्थांच्या घरी परत जाऊ. पहिला झटका आल्यावर घरात डाळ बंद झाली, पालक बंद, टोमॅटो बंद, उसळी बंद. दोन वर्षं माणूस भात-ताक आणि दुधीभोपळ्यावर राहिला. तरी झटके येतच राहिले, आणि दर वेळी बायको विचारायची, "बाहेर काय खाल्लंत?" मित्र डोळा मारून विचारायचे, "चोरून घेतोस का रे?" शेवटी शेवटी त्यांनी लोकांत जाणं कमी केलं. चपलेत पाय जात नव्हता हे एक कारण. लोक हसतील ही भीती हे दुसरं.

निचऱ्याचा चार टक्क्यांचा आकडा हाती आला तेव्हा वहिनी बराच वेळ कागद बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे उगीच ऐकून घेत होते."

जमाखर्चाकडे पुन्हा पाहा. कडक पथ्य केलं तरी रक्तातला आकडा साधारण एकाने उतरतो. ८.२ चे ७.२ होतात, ६ होत नाहीत. कारण बराचसा माल जेवणातून येतच नाही, स्वतःच्या पेशींतून येतो. शिवाय डाळीवर आरोपच खोटा होता. अमेरिकेत ह्योन चॉय यांनी सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये दाखवलं, की मांस आणि मासे-शिंपल्यांनी गाऊट वाढतो, प्युरीन असलेल्या भाज्या आणि कडधान्यांनी वाढत नाही, आणि दूध-दह्याने उलट कमी होतो. तेव्हा वरण-भात आणि वर ताक, निःशंक मनाने घ्या. जपायचं असेल तर कलेजी, सुकट, तारली, बांगडे यांना, बिअरला, आणि साखरेच्या गोड पेयांना जपा. वजन उतरलं तर फारच उत्तम.

आमच्या गृहस्थांना डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवलं. पहिल्या काही महिन्यांत आकडा उतरताना जुने स्फटिक सुटतात आणि झटके उलट वाढू शकतात. इथेच पुष्कळ लोक "औषधाने जास्त झालं" म्हणून गोळ्या सोडतात. त्या काळासाठी बरोबर कॉल्चिसिन देतात. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असतं, मात्र ती जहाल विषारी आहे, घरगुती प्रयोग करू नयेत. आठ महिन्यांनी त्यांचा आकडा ३४० आला. नॉटिंगहॅममध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नर्सने रुग्णाला नीट समजावून, आकडा बघत बघत औषध वाढवलं, तेव्हा दोन वर्षांनी ९५ टक्के लोक ध्येयाला पोचले. नेहमीच्या पद्धतीत ३० टक्केच पोचले. औषधं त्याच जातीची. फरक समजावण्याचा आणि मोजत राहण्याचा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी करा. एकक कोणतं ते बघा आणि साठाचा हिशोब करा. झटका येऊन गेला असेल तर तो उतरल्यावर पुन्हा तपासा. आणि वय कमी असेल, मुतखडे असतील किंवा घरात किडनीचा इतिहास असेल, तर निचरा मोजता येईल का, असं डॉक्टरांना नम्रपणे पण नक्की विचारा. झटका कधीच आला नसेल आणि नुसता आकडाच थोडा वाढलेला असेल, तर त्यासाठी सहसा औषध लागत नाही, हेही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

आणि पंगतीत कोणी पाय आखडून खुर्चीवर बसला असेल तर त्याला काय खाल्लंस म्हणून विचारू नका. त्याच्या ताटात वरण वाढा. तूपही वाढा, पण घेराकडे बघून!